खुडूक कोंबडी आणि उजव्या चाकाचं लॉक

४ मार्च. आजची कामं: पिकअपच्या उजव्या पुढच्या चाकाचं बेअरिंग आणि लॉक बदलून घेणे; अंधार पडायच्या आत धावड्याच्या रानातून मधमाश्यांच्या पेट्या बाहेर काढणे.

येवल्याहून निघाले तेव्हा उजाडत होतं. मी पेट्या घेऊन फुलांच्या मागे फिरते. कांद्याचं बी धरायचं असेल तर फुलावर माशी बसावी लागते, म्हणून शेतकरी बोलावतात. भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला शोभाताईंच्या कांद्यात माझ्या पेट्या महिनाभर होत्या. आदल्या दिवशी त्यांचा फोन आला. शेजारच्या मिरचीवर परवा सकाळी फवारणी आहे, अवकाळी पाऊस झालाय, रान ओलं आहे, तेव्हा उद्याच्या उद्या या.

फवारणीत माशा टिकत नाहीत. औषध वाऱ्याने कांद्याच्या फुलावर येतं, पानावरच्या पाण्यात उतरतं, आणि माशी ते पेटीत घेऊन येते. दुपारपर्यंत पेटीसमोर मेलेल्या माश्यांची रास पडते. ते मी एकदा दुसरीकडे पाहिलं आहे. पुन्हा पाहायचं नव्हतं.

ओलं रान म्हणजे चारही चाकांचं बळ लागणार, आणि तिथेच अडचण होती. माझ्या जुन्या पिकअपला पुढच्या प्रत्येक चाकाच्या मधोमध बशीएवढा गोल खटका आहे. त्याला आम्ही लॉक म्हणतो. डांबरी रस्त्यावर तो मोकळा ठेवायचा. चिखल आला की खाली उतरून हाताने फिरवायचा, म्हणजे इंजिनाचं बळ पुढच्या चाकांनाही मिळतं. उजवं लॉक फिरत होतं, पण लागत नव्हतं. एका बाजूचं लागलं नाही की दुसऱ्या बाजूचंही बळ वाया जातं. शिवाय त्याच चाकातून घरघर यायला लागली होती. येवल्यात बेअरिंग मिळालं असतं, लॉक मिळालं नाही. म्हणून आधी जाफराबाद. तिथे रफिकभाईंचं गॅरेज आहे, आणि जाफराबादेत शेअर जीपा अजून चालतात. जिथे जुन्या जीपा चालतात तिथे जुने भागही सापडतात, असा माझा हिशेब.

सिल्लोडच्या पुढे धुकं लागलं. मार्चात इथे धुकं पडत नाही, पण भिजलेली काळी माती सकाळी श्वास सोडत होती. पऱ्हाट्यांचे (कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या काड्यांचे) ढीग बांधाबांधावर होते. धुक्यात ते ढीग म्हणजे उकिडवी बसलेली माणसं वाटत होती, कुणाची तरी वाट पाहणारी. एक मेंढरांचा कळप रस्ता ओलांडून गेला. मी इंजिन बंद केलं आणि तो जाईपर्यंत थांबले. घंटा वाजत होत्या, पण त्यांचा आवाज मेंढरांकडून न येता धुक्याच्या दुसऱ्याच कोपऱ्यातून येत होता. कळप संपला तरी घंटा काही वेळ चालूच राहिल्या.

भोकरदनला चहा घेतला. टपरीवाल्याने गाडीकडे पाहून विचारलं, "ताई, डायवर कुठंय?"

"चहा पितोय," मी म्हटलं.

त्याने इकडेतिकडे बघितलं, मग माझ्या ग्लासात अर्धा चहा जास्त ओतला.

जाफराबादला रफिकभाईंनी मला ओळखलं ते गाडीवरून. मागे एकदा त्यांनी हिचा क्लच बसवला होता. माणूस माझ्याच वयाचा, बोलका, आणि आपल्या बोलण्यावर स्वतःच खूश.

"आवाज ऐकला मी, तुम्ही चौकात होत्या तवाच," ते म्हणाले. "बेअरिंग गेलं. बिलकुल गेलं. आता लॉकचं बघू."

चाक जॅकवर चढलं. लॉकच्या झाकणाचे बोल्ट सुटले आणि आत पाहून रफिकभाईंनी पाना खाली ठेवला.

"हे कोणी भरलं?"

आत ग्रीस होतं. नुसतं होतं असं नाही, ठासून भरलं होतं, श्रीखंडाच्या डब्यासारखं. आमच्याकडच्या एका गॅरेजवाल्याने मागच्या पावसाळ्यात प्रेमाने भरून दिलं होतं.

"बेअरिंगला ग्रीस पाहिजे, लॉकला न्हाई," रफिकभाई म्हणाले. "लॉकला नुसता हात फिरवल्यासारखं लावायचं. एवढं भरल्यावर आतली स्प्रिंग दातेरी कड्याला ढकलील कशी? कडं अर्धंच बसतं, आन् अर्ध्या दातावर समदा जोर. बघा."

त्यांनी कडं डिझेलमध्ये धुऊन माझ्या तळहातावर ठेवलं. एका बाजूचे दाते झिजून गोल झाले होते, नदीतल्या गोट्यांसारखे. हातात छान लागत होते, उपयोगाचे नव्हते.

बेअरिंग त्यांच्याकडे होतं. जुनं ठोकून काढलं, ते जळून निळसर झालं होतं. नवं त्यांनी ग्रीसच्या गोळ्यावर तळव्याने दाबून दाबून भरलं, तंबाखू मळावी तसं, दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत. नवं सील बसवलं, नट आवळला, मग थोडा सैल सोडला आणि चाक हाताने फिरवलं. ते आवाज न करता फिरत राहिलं. त्याच्याकडे बघता बघता मला झोप आल्यासारखं झालं. पहाटेपासून उठले होते, आणि गॅरेजच्या हिरव्या फायबरच्या पत्र्याखाली ऊन हिरवट पडलं होतं.

"आता लॉक," मी म्हटलं.

"लॉक न्हाई."

"पूर्ण जाफराबादेत?"

"इथल्या जीपांना तसलं लॉक येतच न्हाई. तुमच्या मापाचं लॉक मला ठाऊक असलेल्या एकाच जीपला हाय. धावड्याच्या किसनमामूची. पहले जाफराबाद–धावडा वडाप (वाटेत भेटेल तो प्रवासी भरून नेणं) करायचे. आता जीप रानात उभी हाय. कोंबड्या राहतात तिच्यात."

"किसनराव म्हणजे मिरचीवाले? शोभाताईंचे दीर?"

"तेच."

म्हणजे ज्यांच्या फवारणीपासून पळायचं, लॉक त्यांच्याकडेच मागायचं. मी हात धुतले. रफिकभाईंनी पाने एका पोत्यात भरले आणि न विचारता शेजारच्या सीटवर येऊन बसले.

जाफराबाद ते धावडा रस्ता मला दर वेळी अर्धवट झोपेतल्यासारखा आठवतो. वळणं फार नाहीत. उत्तरेला अजिंठ्याच्या डोंगराची रांग सारखी सोबत असते, आणि ती जवळ येतेय की लांब जातेय ते कळत नाही. दुपारी धुकं विरलं होतं, पण ओलावा हवेतच होता, त्यामुळे सगळ्याच्या कडा पुसट होत्या. गव्हाचे तुकडे पिवळे पडले होते. मधूनच कांद्याच्या बियाण्याचं रान यायचं: उंच हिरव्या दांड्यांवर पांढरे गोल गेंद, हजारो, सगळे एका उंचीचे, वारा आला की एकदम मान वळवणारे. रफिकभाई सांगत होते की किसनमामूंच्या जीपने अर्धा तालुका बाजाराला नेला, टपावर सुद्धा, आणि मामू उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायचे. मी ऐकत होते आणि नव्हते.

किसनरावांचं घर रानातच आहे. पलीकडे शोभाताईंचा कांदा, मध्ये एक बांध आणि एक नाली. नालीच्या अलीकडे मी गाडी थांबवली. पलीकडचं रान काळं आणि चकचकीत दिसत होतं. पाय टाकला तर चप्पल तिथेच राहिली.

बैलगाडीने पेट्या काढता येत नाहीत, माशा बैलांना चावतात. ट्रॅक्टरची ट्रॉली आदळत जाते, आतली पोळी तुटतात आणि राणी चिरडते. राहता राहिली माझी पिकअप.

किसनराव बाजेवर बसले होते. फेटा, दणकट हात, आवाज मऊ. त्यांच्या बायको कडूबाई शेंगा फोडत होत्या. किसनरावांनी मला बघून आधीच सांगून टाकलं.

"ताई, फवारणी थांबत न्हाई. ब्लोअरवाला (ट्रॅक्टरवरच्या फवारणी यंत्राचा माणूस) उद्या सकाळीच येऊन राह्यला, मंग आठ दिवस मिळत न्हाई. मिरचीवर बोकड्या आला (पानं आकसून झाड खुजं करणारा रोग). शोभीला मी परवाच सांगून आल्तो."

ते खरं होतं. इथे रिवाज आहे की फवारणार असेल त्याने स्वतः शेजाऱ्याच्या दारात जाऊन सांगायचं, फोनवर नाही, निरोप नाही. त्यांनी तसं केलं होतं. तक्रारीला जागा नव्हती.

"थांबवा म्हणायला मी आलेच नाही," मी म्हटलं. "मला तुमच्या जीपचं उजवं लॉक पाहिजे. ते मिळालं तर मी आज पेट्या काढते."

किसनरावांनी रफिकभाईंकडे पाहिलं. "तू सांगितलं व्हय रे?"

"मामू, मी काय खोटं बोलू? तुमच्या जीपसारखी जीप न्हाई, एवढंच बोललो."

"जीप भंगार न्हाई झाली माझी. दिवाळीनंतर चालू करून राह्यलो."

"कोणत्या दिवाळीनंतर?" कडूबाईंनी शेंग फोडत विचारलं.

किसनराव उठले आणि जीपकडे चालू लागले. आम्ही मागे. जीप लिंबाखाली होती, चाकं अर्धी मातीत, हेडलाइटवर कोंबड्यांची विष्ठा. पण तिचं काहीही काढलेलं नव्हतं. आरसे होते, वायपर होते, धुराच्या नळकांड्यावर फडकं बांधलं होतं. त्यांनी बॉनेटवर हात ठेवला.

"माझा बाप मेंढरं घेऊन हिंडायचा," ते म्हणाले. "मी माणसं घेऊन हिंडलो. मेंढरं बरी, पुढं कोण बसंल म्हणून भांडत न्हाईत." मग म्हणाले, "ताई, एक नट काढला ना, की समदं गाव नट न्यायला येतं. कोणाला न्हाई म्हणू? लोक म्हणतील, तिला दिलं, मला का न्हाई. महिन्यात सांगाडा राहील."

मी चाकाजवळ बसून लॉक पाहिलं. तेच माप, तेच झाकण, खटक्यावर गंजही नव्हता. फिरवून बघितला. खट् असा आवाज आला, स्वच्छ.

"चिखलातून निघायची का ही?" मी विचारलं.

"निघायची का?" त्यांना ते लागलं. "ती नाली दिसती का? नालीत पाणी असताना मी वऱ्हाड नेल्तं हिच्यातून. नवरदेव सुदिक. कोरडा उतरला."

"मग माझी निघेल यानं?"

"निघंल म्हंजे? लॉक हाय ते, खेळणं न्हाई."

"बाई, द्यायचं तर द्या, न्हाई तर तसं सांगा," कडूबाई मागून म्हणाल्या, नवऱ्याला बाई म्हणण्याची ती त्यांची रीत असावी. "त्यांच्या माशा मेल्या तर पुढच्या साली कोण आणील इथं? शोभाचं बी धरणार न्हाई, आन् मंग ती माझ्याच डोक्यावर बसंल."

किसनरावांनी बॉनेटवरचा हात काढला.

"काढ रे रफिक," ते म्हणाले. "पर जल्दी. कोणी बघायच्या आत."

रफिकभाईंनी जॅक सरकवला आणि कडूबाई एकदम पुढे आल्या. "जॅक न्हाई लावायचा. आत कोंबडी खुडूक बसली."

ड्रायव्हरच्या सीटवर, फुटलेल्या फोममध्ये, एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसली होती. गाडी हलली तर ती उठेल, उठली तर पुन्हा बसणार नाही, अंडी वाया. इथे खुडूक कोंबडीला कुणी हलवत नाही, पाहुणा आला तरी तिच्या बाजूची खाट सरकवत नाहीत. रफिकभाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"जॅक लागतच नाही," मी म्हटलं. "बेअरिंगला चाक उचलावं लागतं. लॉक नुसतं वरचं आहे. चाक जमिनीवर असताना निघतं."

"ते मला बराबर ठाऊक हाय मॅडम," रफिकभाई म्हणाले, आणि जॅक मागे सारला.

त्यांनी पान्यावर फडकं गुंडाळलं. एकेक बोल्ट असा सोडवला की जणू झोपलेल्या माणसाच्या बोटातली अंगठी काढतायत. मी सुटलेले बोल्ट ओंजळीत घेत होते. कोंबडी एका डोळ्याने आमच्याकडे पाहत होती, पापणी खालून वर मिटत होती. बांधापलीकडून माझ्या माश्यांचा आवाज येत होता, सतत, एकाच सुरात, आणि लिंबाची बारीक पानं आमच्या पाठीवर पडत होती. त्या दुपारी तिथे किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मग आतली कडी निसटली, लॉक रफिकभाईंच्या हातात आलं, आणि कोंबडीने डोळा मिटला.

माझ्या गाडीला ते बसवायला वेळ लागला नाही. आत ग्रीस नुसतं हात फिरवल्यासारखं. डावं लॉकही उघडून पुसून घेतलं. दोन्ही खटके लावले. रफिकभाईंनी पिकअपभोवती एक चक्कर मारली, बॉनेटवर थाप दिली आणि कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागे बसून जाफराबादला गेले.

मी नालीत उतरले. पुढची चाकं आत गेली, गाडी बाजूला सरकली, मागची चाकं नुसती चिखल उडवत राहिली. मी हळूच पाय दिला. आणि पुढून ओढ लागली. बैल दाव्याला ओढतो तशी, घाई नसलेली. गाडी वर आली आणि कांद्याच्या कडेला उभी राहिली.

मग काही काम नव्हतं. माशा परत यायची वाट पाहायची असते. दिवस मावळायच्या आधी त्या घरी येतात. पश्चिमेचं पिवळं ऊन कांद्याच्या गेंदांमधून आडवं आलं आणि त्यात माशा दिसू लागल्या, आधी एकेक, मग दोऱ्या सुटल्यासारख्या, प्रत्येक पेटीकडे एक दोरी. शोभाताई पदराने तोंड बांधून माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "इतकं दिवस हे रोज व्हतं अन् मी बघितलंच न्हाई." मी म्हटलं, "कामं असतात."

सूर्य गेल्यावर पेट्यांच्या दारांना जाळी ठोकली. शोभाताई, कडूबाई आणि मी, तिघींनी पेट्या चढवल्या. एक पेटी मी मुद्दाम जागेवर ठेवली, दार उघडं. लांब गेलेल्या काही माशा रात्री बाहेर फुलावरच थांबतात आणि सकाळी परत येतात. त्यांना घर सापडलं नाही तर त्या रिकाम्या जागेवर घिरट्या घालत मरतात. म्हणून एक घर ठेवायचं.

नालीतून परत येताना मी गाडी इतकी हळू चालवली की वेगाचा काटा हललाच नसावा. मागून येणारा आवाज भिंतीपलीकडे भरल्या घरातलं बोलणं ऐकू यावं तसा होता. गाडी कलली की वाढायचा, सरळ झाली की निवळायचा. पुढची चाकं दोन्ही सारखी ओढत होती. डांबरी रस्त्याच्या कडेला मुरमाची कडक जागा होती, तिथे गाडी लावली आणि पेट्यांवर ओली पोती टाकली.

शोभाताईंकडे भाकरी आणि येसराची आमटी (भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या पिठाची) जेवले. आमटी इतकी तिखट होती की नाकातून पाणी आलं. "मिरची आमच्या दिराचीच हाय," त्या म्हणाल्या.

सकाळी मी उजाडताच पुन्हा रानात गेले. धुकं खाली बसलं होतं, पांढरे गेंद त्याच्यावर तरंगत होते. ब्लोअरवाला माझ्या आधी पोचला होता, ट्रॅक्टर मिरचीच्या कडेला उभा. एकट्या पेटीवर अजून एकही माशी नव्हती. उन्हाशिवाय त्या उडत नाहीत.

"टाकी भरू का?" ब्लोअरवाल्याने विचारलं.

"च्या पी आधी," किसनराव म्हणाले.

"पिऊन आलो."

"मंग दुसरा पी. कडू, याला च्या दे. गावाकडचं काय चाललंय ते सांग."

ते कांद्याकडे बघत नव्हते. नुसते त्या माणसाला बोलण्यात गुंतवून बसले, आणि कडूबाईंचा चहा उकळत राहिला.

तोवर मी माझं जुनं लॉक घेऊन लिंबाखाली गेले. ते रात्री डिझेलने धुऊन ठेवलं होतं. दाते गेलेले असले तरी बाहेरून ते तेच लॉक होतं, तेच माप. किसनरावांच्या जीपच्या उघड्या चाकावर ते ठेवलं, फडकं गुंडाळलेल्या पान्याने बोल्ट आवळले, खटका मोकळ्यावर फिरवला. कोंबडी बसून होती. नव्याने पुसलेलं झाकण चकाकत होतं, म्हणून त्यावर थोडी ओली माती फासली आणि बाकीच्या चाकांच्या रंगाला आणलं.

ऊन आलं. माशा आल्या, थोड्याच, सुस्त, पंख ओले. शेवटची आत गेली की नाही याची खात्री करायला मी जरा जास्त थांबले, मग दाराला जाळी ठोकली आणि पेटी उचलून बांधावर आले. किसनराव जीपकडे पाहून आले होते. त्यांनी पेटीची दुसरी बाजू धरली, आणि चिखलातून रस्त्यापर्यंत आम्ही दोघांनी ती नेली. मी दोन्ही लॉक मोकळी केली आणि पेट्या घेऊन परतूरच्या सूर्यफुलांकडे निघाले. मागे ब्लोअर सुरू झाला.